कोकण किनाऱ्यानं कॅम्परव्हॅन: चिलटं चावू नयेत तर रात्री गाडी कुठं लावायची?

प्रश्न मुलुंडच्या एका ताईंचा आहे. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांच्या हाताशी सहा दिवस आहेत. भाड्यानं कॅम्परव्हॅन घेऊन मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्यानं मालवणपर्यंत जाऊन यायचं म्हणतायत. बरोबर नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि मधुमेह असलेल्या सासूबाई. मागं दिवेआगरला तंबूत राहिले होते तेव्हा मुलीचे पाय चावून चावून टम्म सुजले होते, आणि डास तर एकही दिसला नव्हता. 'वाळूतल्या पिसवा असतात त्या' असं तिथं कुणी तरी सांगितलं. आता व्हॅनमध्ये तरी सुटका होईल का, क्रीम कोणतं, जाळी कोणती, आणि अगदी समुद्राला लागून गाडी लावून झोपता येईल का, असं त्या विचारतात.

ठाण्यात ट्रॅव्हलर आणि विंगर या मोठ्या व्हॅनचे कॅम्पर बनवणं हा माझा धंदा. बनवलेली गाडी चालते कशी हे बघायला हाच किनारा सगळ्यात जवळ, त्यामुळं रेवसपासून रेडीपर्यंतच्या बहुतेक खाड्यांच्या काठी कधी ना कधी मुक्काम झालाय. त्या हिशेबानं सांगतो.

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नका झोपू. समुद्राला लागून दिवसभर बसा, पोहा, मुलीला किल्ले करू द्या, पण मुक्कामाला वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, या. क्रीम, जाळी, पंखा हे सगळं त्याच्या नंतर. चुकीच्या जागी लावलेल्या तीस लाखांच्या गाडीत चिलटं दहा मिनिटांत भरतात, आणि बरोबर जागी लावलेल्या जुन्या ओम्नीत माणसं गाढ झोपतात. दोन्ही डोळ्यांनी पाहिलंय.

तुमच्या मुलीला चावली ती पिसू नव्हे. भरतीनं आणून टाकलेल्या शेवाळाच्या, काडीकचऱ्याच्या खाली टुणटुण उड्या मारणारे बारीक जीव असतात, लोक त्यांनाच वाळूतल्या पिसवा म्हणतात. ते बिचारे कुजका पाला खाऊन जगतात, खेकडे-कोळंबीच्या नात्यातले आहेत, माणसाला चावत नाहीत. चावलं ते चिलट. एक ते तीन मिलिमीटरचं काळपट टिंब, कानाशी आवाज नाही, त्यामुळं 'डास दिसला नाही' हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. अंडी घालायला मादीला रक्त लागतं. डास बारीक सोंड खुपसतो, चिलट कातडी कातरून वर आलेलं रक्त पितं. म्हणून चावताना सुईसारखी आग होते आणि खरी खाज-सूज दुसऱ्या दिवशी येते. लहान मुलांच्या अंगाला त्या लाळेची सवय नसते, त्यांना जास्त सुजतं. गावातली पोरं तिथंच उघड्या पायांनी हुंदडत असतात, कारण त्यांच्या अंगानं ती लाळ कधीच ओळखीची करून घेतलेली असते.

चिलटाच्या अळ्या वाढतात ओल्या गाळात आणि कुजक्या पाल्यात. खाडीचा तिवरांखालचा चिखल आणि नारळी-पोफळीच्या वाडीतला शिंपणाचा ओलावा, ही त्यांची दोन घरं. दिवेआगरचा नकाशा डोळ्यांसमोर आणा: पुढं लांबलचक पुळण, मागं सुरू आणि केवडा, त्याच्या मागं लगेच वाड्या. तंबू लोक सावलीसाठी सुरूच्या कडेला लावतात, म्हणजे चिलटांच्या दारात. श्रीवर्धन, केळशी, आंजर्ले, गुहागर, आचरा, सगळीकडं हीच मांडणी आहे. किनारा जितका चित्रातल्यासारखा, तितकी वाडी आणि खाडी जवळ.

पण चिलटाची एक मोठी अडचण आहे. त्याला वाऱ्यात उडता येत नाही. ताशी दहा किलोमीटरचा वारा, म्हणजे झाडाची पानं सळसळतील एवढा, सुटला की ते खाली बसून राहतं. सगळी युक्ती इथून सुरू होते.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते आठवतंय ना? दुपारी जमीन तापते, समुद्रावरून खारा वारा येतो. तेव्हा पुळणीवर काहीही चावत नाही. रात्री जमीन निवते, वारा उलटतो आणि मतलई जमिनीकडून समुद्राकडं वाहू लागतो. या दोघांच्या मध्ये, सूर्य बुडायच्या आसपास, एक मोठा तास असा येतो की पान हलत नाही. फोटोला सगळ्यात सुंदर वेळ, आणि चावायलाही तीच. त्यानंतर हलका मतलई सुटतो तो वाडी आणि खाडीवरूनच तुमच्याकडं येतो. डास-चिलटांना नुसता वारा लागत नाही, वास लागतो. तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हुंगत ते गाडीपर्यंत पोचतात. पहाटे पुन्हा एकदा वारा पडतो, तेव्हा दुसरी फेरी. नोव्हेंबरअखेर आपल्याकडं सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. तर साडेपाच ते साडेसात आणि पहाटे साडेपाच ते सात या तुमच्या दोन संचारबंदीच्या वेळा.

आता सडा. कोकणात पुळणीच्या बाजूनं चढ चढून वर आलं की जांभ्या दगडाचं सपाट पठार लागतं, झाड नाही, चिखल नाही, वारा भणाणतो. देवगडला सड्यावर पवनचक्क्या उभ्या केल्या त्या उगाच नव्हे. पावसाळ्यात सड्यावर डबकी साचतात, पण नोव्हेंबर संपता संपता कातळ कोरडा ठणठणीत असतो. आंबोळगड, विजयदुर्गच्या अलीकडचा भाग, जयगड ते गणपतीपुळे पट्टा, हरिहरेश्वरच्या वरचं माळरान, अशा जागी रात्री अंगावर चादर ओढावी लागते आणि चिलट औषधाला सापडत नाही. खाली पुळणीवर जायला गाडीनं दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढी तोशीस घ्या.

सड्याची पथ्यं आहेत. मोकळं रान दिसलं तरी ते कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतं. जवळच्या घरी जाऊन 'रात्रीपुरती गाडी लावू का' विचारायचं, सकाळी कचरा घेऊन निघायचं. आजवर चहा न देता परत पाठवलेलं मला आठवत नाही. हापूसच्या कलमांना लागून उभं राहू नका. त्या सुमारास मोहोरावरची फवारणी सुरू होते, पहाटे पंप चालू झाला की औषधाचा फवारा थेट जाळीतून आत. शिवाय आंब्यावर ओंबील असते, मालवणीत हुमले म्हणतात ते लाल मुंगळे. फांदी गाडीच्या टपाला टेकली की त्यांना जिना मिळाला. रात्री अंथरुणात शंभरेक हुमले म्हणजे काय ते सासूबाईंना विचारा, त्या कोकणातल्या असतील तर सांगतील. नारळाखाली तर कुणीच गाडी लावू नये, झावळी पडली तरी सोलर पॅनेलचा चुरा होतो.

आणि फुरसं. कातळावर, दगडांच्या फटीत हा साप राहतो, वीतभर-हातभर लांबीचा, अंधारात दगडासारखाच दिसतो आणि विषारी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात हे नवीन नाही. अंधार पडल्यावर गाडीतून उतरताना बंद बूट आणि हातात बॅटरी, लघवीला दोन पावलं जायचं असलं तरी. मुलीला एकटीला उतरू देऊ नका. चिलटांनी कुणी मरत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

सहा दिवसांत मालवण जाऊन येणं जमेल, पण तो प्रवास होईल, सहल होणार नाही. सागरी रस्ता अरुंद, गावांतून दोन भिंतींच्या मधून जाणारा, वर झाडांच्या फांद्या आणि विजेच्या तारा. अडीच मीटरपेक्षा उंच गाडीला तासाला पंचवीस-तीस किलोमीटर धरा. माझं मत विचाराल तर गणपतीपुळ्यापर्यंत जा आणि निवळी फाट्यावरून महामार्ग धरून परत या. मालवणला वेगळे सहा दिवस ठेवा.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, पकडा. 2020 पासून ती चालू आहे, तासाभरात पलीकडं, आणि पेण-वडखळची कटकट वाचते. बुकिंग करताना गाडीची लांबी-उंची खरी सांगा. 'कार' म्हणून तिकीट काढून कॅम्पर घेऊन गेलात तर धक्क्यावर वाद होतो. पुढं अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. जंजिरा दुपारीच बघून घ्या. मुरूड-राजपुरीच्या बाजूला खाडीकाठी रात्र काढू नका, आगरदांड्याच्या जंगलजेट्टीनं, म्हणजे गाड्यांच्या बोटीनं, दिघीला उतरून सरळ हरिहरेश्वर गाठा. दिवेआगर वाटेतच आहे. दुपारी थांबा, उकडीचे मोदक खा, चारच्या आत निघा. हरिहरेश्वरला एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, आवारात गाडी लावायला आणि वीज घ्यायला आधी फोन करून विचारा. टेकाडावर आणि खडकाळ टोकाला असल्यामुळं इथं वारा पडतो कमी.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेसवीची बोट. वेळास, केळशी, आंजर्ले करत हर्णै आणि दापोलीकडचं दुसरं मुरूड. आंजर्ल्याला गाव खाली खाडीला लागून आहे आणि कड्यावरचा गणपती वर डोंगरावर. एकाच गावात खाली किती चावतं आणि वर किती हे स्वतः पाहायचं असेल तर हीच जागा. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव सुंदर असतो, बघा, पण गाडी बंदरात नेऊ नका. सुकत घातलेल्या मासळीवरच्या माश्या दारातून आत आल्या की दोन दिवस पाहुणचार चालतो. मग दाभोळ-धोपावे बोट, ही 2003 पासूनची, गाडी बोटीतून नेणं कोकणात लोकांच्या अंगवळणी पडलं ते याच मार्गावर. गुहागर, हेदवी, वेळणेश्वर, तवसाळहून जयगड आणि गणपतीपुळे.

बोटींबद्दल एकच गोष्ट नीट लक्षात ठेवा. कॅम्परचा मागचा भाग चाकांच्या बराच मागं लोंबतो. पूर्ण ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि चढताना-उतरताना तो भाग सिमेंटला घासतो. तिथंच पाण्याच्या टाकीचा नळ असतो आणि तो तुटतो. भरतीची वेळ काढायला कोळ्यांचा जुना हिशेब अजून चालतो: तिथीला पाऊणनं गुणा. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. पहाटेची आणि दुपारची दोन्ही भरत्या त्यातच आल्या. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, पण बोट कोणत्या वेळी धरायची एवढं कळायला पुरे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि तितकंच मागं हटतं. अशा दिवशी ओहोटीला खाडीचा गाळ दूरवर उघडा पडतो. उघडा गाळ संध्याकाळी आला की त्या खाडीपासून निदान अर्धा किलोमीटर लांब राहा.

पुळणीवर गाडी घालू नका हे वेगळं सांगायला नको होतं, पण दर हंगामात भरतीत अडकलेल्या गाड्यांचे व्हिडिओ येतातच. ओल्या वाळूवर कडक वाटतं, थांबलात की चाकं बसतात. आणि वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबरपासून अंडी घालायला येतात. चाकाखाली घरटं चिरडलं तर कुणाला कळतही नाही. रात्री किनाऱ्याकडं तोंड करून पांढरे दिवे लावू नका, मादी परत फिरते.

आता गाडी. भाड्याच्या कॅम्परमध्ये खिडक्यांना जाळी असतेच, पण ती डासांची असते. साध्या मच्छरदाणीचं भोक सव्वा ते दीड मिलिमीटरचं. चिलट त्यातून आरामात येतं. रव्याच्या चाळणीनं मैदा अडत नाही, तसंच ते. तुम्हाला हवी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या आतली जाळी. कंपनीला विचारून उपयोग नाही, 'हो हो, नेट आहे' असंच उत्तर येतं. मंगलदास मार्केटमध्ये जाऊन दाट विणीचं नेट किंवा ऑर्गेंझा घ्या, खिडक्यांच्या मापापेक्षा चार बोटं जास्त ठेवून कडेला वेल्क्रो शिवून घ्या. वेल्क्रोची दुसरी पट्टी गाडीला चिकटवायची परवानगी आधी घ्या, नाहीतर डिपॉझिट कापतील. दाट जाळीतून हवा निम्मीच येते, म्हणून पंखा हवा. 12 व्होल्टचे दोन छोटे पंखे, एक पायांकडं एक डोक्याकडं, रात्रभर चालले तरी शंभर अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीला जड नाहीत. पंख्याचा दुहेरी फायदा: थंड वाटतं आणि अंगावरच्या वाऱ्यात चिलट बसू शकत नाही. जाळी आणि पंखा यांतलं एकच निवडा म्हणालात तर मी पंखा निवडीन.

'एसी लावून दारं बंद' हा बेत वीज जोडलेली असेल तरच. इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही, कधीच नाही. धुराची नळी कुठं तरी गळत असली तर कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि सकाळी कुणी उठत नाही.

जाळीपेक्षा जास्त किडे येतात ते सरकत्या दारातून. संध्याकाळी व्हॅनमध्ये काय होतं ते सांगतो. सहाला चहाचं आधण ठेवलेलं असतं, वाफ कोंडते म्हणून दार उघडं. आत पांढरा एलईडी लखलखीत. मुलगी चप्पल घ्यायला एकदा, बॉल ठेवायला एकदा, बाबांना बोलवायला एकदा अशी आतबाहेर करते. दर खेपेला दार पूर्ण उघडतं, कारण अर्धं उघडलं की ते उतारावर परत घसरतं. साडेसहाला छताकडं बॅटरी मारून बघा, दिव्याभोवती काळी पूड उडताना दिसेल. मग रात्रभर जाळी कितीही उत्तम असो, ती त्यांना आतच कोंडते.

म्हणून पाचला स्वयंपाक उरका. सव्वापाचला सगळ्यांचे पाय गोड्या पाण्यानं धुऊन, पूर्ण कपडे घालून, हवं ते सामान बाहेर काढून दार लावून टाका. दोन तास बाहेर बसा, क्रीम लावून, पंखा नाही तर वाऱ्याच्या तोंडाशी. किंवा आत बसा. मधलं चालत नाही. आत पिवळसर मंद दिवा ठेवा, आणि दार उघडण्याआधी तोही घालवा. सरकत्या दाराला आतून पडदा लावून खाली वजनाला साखळी शिवून घेतली तर उत्तम, मी नव्या गाड्यांना तशीच देतो. ताबा घेतानाच गाडीत डास असतात, सीटमागं आणि पडद्यांच्या चुण्यांत बसलेले. निघायच्या आदल्या दिवशी फवारा मारून अर्धा तास बंद, मग अर्धा तास सगळी दारं उघडी. सांडपाण्याची टाकी रोज रिकामी करा, गावाच्या गटारात नव्हे, मुक्कामाच्या ठिकाणी विचारून.

क्रीमबद्दल. डीईईटी 20 ते 30 टक्के किंवा पिकारिडिन 20 टक्के, यांतलं कोणतंही चालेल. दोन्ही सहा वर्षांच्या मुलीला चालतात, पण तिच्या हातांच्या तळव्यांना, डोळ्या-तोंडाजवळ नको आणि ते मोठ्यांनी लावायचं. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून हे. झोपताना धुऊन टाकायचं. पोहून आलात की पुन्हा लावायचं. डीईईटी प्लॅस्टिक खातं: गॉगल, घड्याळाचा पट्टा, गाडीच्या डॅशबोर्डवर ओल्या हाताचे ठसे उमटलेले मी पुसत बसतो. घरात-गाडीत वावरायचं असेल तर पिकारिडिन बरं. लिंबाच्या वासाची, सिट्रोनेलाची तेलं अर्ध्या तासात उडून जातात. दर अर्ध्या तासाला चोळायची तयारी असेल तर घ्या. अल्ट्रासाउंडचं मोबाइल ॲप आणि निळ्या दिव्याचं यंत्र यांवर पैसे घालू नका. त्या यंत्रात पतंग मरतात, चावणारे नाहीत.

चिलट कपड्यातून चावत नाही, डास लेगिंगमधून आरामात चावतो. तेव्हा सैल, फिक्या रंगाच्या सुती पँटी आणि मोजे. सासूबाईंना साडीखाली मोजे घालायला सांगितलं तर त्या हसतील, तरी घालायला लावा. मधुमेहात पाय खाजवून झालेली जखम चिघळते, आणि तिथं घोटाच सगळ्यात आधी सापडतो.

कॉइल गाडीत लावायची नाही. एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींएवढे बारीक कण निघतात असं मोजलं गेलंय, आणि तुमची खोली तर दहा-बारा घनमीटरची. बाहेर, वाऱ्याच्या बाजूला लावा. गावात गोठ्याशी नारळाची सोडणं पेटवून धुरी करतात तीही बाहेर बसलेल्यांना चांगली, खोबरेल जळल्यासारखा वास कपड्यांना लागतो एवढंच. डास मारायची रॅकेट आत घेऊन बसायला सोयीची आहे, पण गॅसची शेगडी पेटवण्याआधी आणि कुठं गॅसचा वास असेल तर तिचं बटण दाबू नका. ठिणगीच ती.

चावलंच तर: गार पाण्याची घडी, कॅलामाइन, आणि नखं कापून टाका. रात्री फार खाज सुटली तर सेट्रिझिनचं सिरप, डॉक्टरांना विचारून मापानं. आमसुलाचं पाणी लावतात गावात. लावा, बिघडत काही नाही. फोड गरम लागायला लागला, लाली वाढत वर चढली, तर ते चावणं राहिलं नाही, जंतुसंसर्ग झाला. श्वासाला त्रास किंवा ओठ सुजले तर जवळचं रुग्णालय, वाट बघू नका. एक फसवी गोष्ट: पायाच्या तळव्याला वेडीवाकडी रेघ उठून रोज बोटभर पुढं सरकत असेल तर तो चावा नव्हे. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून वाळूत पडलेल्या कृमीची अळी कातडीखाली चालते आहे. क्रीम चोळून जात नाही, डॉक्टरांकडून गोळी घ्यावी लागते.

गोचिडांचं वेगळं. सिंधुदुर्गात, दोडामार्ग-सावंतवाडीकडं, 2016 पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत. तो जंगलातल्या गोचिडांमधून पसरतो आणि हंगाम थंडी-उन्हाळ्याचा. किनाऱ्यावर त्याची भीती बाळगायचं कारण नाही, पण काजूच्या बागेत, गवतात, पाल्यात बसला असाल तर संध्याकाळी मुलीच्या काखा, कानामागचा भाग, कमरेची रेघ बघा. गोचीड चिकटलेली सापडली तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा. तेल, काडी, मीठ काही नको. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत कुणालाही ताप आला तर मुंबईतल्या डॉक्टरांना 'कोकणात उघड्यावर राहून आलो, किडे चावलेत' हे आपणहून सांगा. ते डेंगी-मलेरियाचा विचार करतीलच; हे कळलं तर स्क्रब टायफसचंही, म्हणजे बारीक किड्यांच्या चाव्यातून येणाऱ्या तापाचंही, रक्त तपासतील. अंगावर कुठं काळी खपली दिसत असेल तर तीही दाखवा.

गाडी भाड्यानं घेताना नंबर प्लेट बघा. ड्रायव्हरसकट असेल तर पिवळी प्लेट, स्वतः चालवायला असेल तर काळ्यावर पिवळी अक्षरं. पांढऱ्या प्लेटची गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर ती खासगी आहे, अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण नुसता 'कॅम्पिंगची परवानगी आहे' असा मालकाचा शब्द पुरत नाही. मुक्कामाची जागा प्रत्येक रात्रीची आधी ठरवून फोन करून ठेवा. गावात होमस्टेच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गाडी लावायला मिळते, तीही चांगली सोय आहे. फक्त खळ्यात शिरण्याआधी दोन गोष्टी पाहा: मागं वाडीला पाटाचं पाणी सुटलंय का, आणि हात धुवायची दोण, म्हणजे पाण्याची दगडी कुंडी, उघडी आहे का. दोणीत वळवळ दिसली तर दुसरं घर.

निघायच्या आठवडाभर आधी गाडी एका रात्रीपुरती घेऊन या आणि तुमच्या सोसायटीच्या आवारातच झोपून बघा. मुलुंड पूर्वेला असाल तर मिठागरं आणि तिवरं हाकेच्या अंतरावर आहेत, परीक्षेला याहून चांगली जागा कोकणातही मिळायची नाही. संध्याकाळी सहाला आत दिवा लावून, सगळ्या जाळ्या बसवून बाहेरून कडा तपासा. जिथून उजेडाची रेघ बाहेर येते तिथून चिलट आत येणार. वॉचमनला आधी सांगून ठेवा, म्हणजे रात्री दोनला तो काचेवर टकटक करणार नाही.